गाडी दारात, हप्ता घरात

आमच्या गावात अजूनही गाडीवरून पगार ओळखतात. "त्यांनी मोठी गाडी घेतली, म्हणजे बरंच कमावत असणार!" पण मैत्रिणींनो, गाडी कमाई सांगत नाही, बऱ्याचदा ती फक्त कर्ज सांगते.

१९८३ मध्ये मारुती ८०० आली, तेव्हा तिची किंमत होती सुमारे ४७,५०० रुपये. कर्ज आजच्यासारखं चटकन मिळत नव्हतं. त्यामुळे दारात गाडी म्हणजे गाठीला पैसा, हा हिशेब बराचसा बरोबर होता. २००९ मध्ये स्कूटरवर चौघं बसणाऱ्या कुटुंबांसाठी टाटांची नॅनो लाखाच्या आसपास किमतीत आली. पण 'सर्वांत स्वस्त गाडी' हा शिक्काच तिला नडला. स्वस्त गाडी हवी असते हो, पण ती स्वस्त आहे हे शेजाऱ्यांना कळायला नको असतं!

आता जरा आकडेमोड करू. ५ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, ७ वर्षं मुदत. महिन्याचा हप्ता ८ हजारांच्या वर आणि एकूण व्याज जवळपास पावणेदोन लाख! पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग वेगळंच. मी पाहिलेल्या घरांत ही तोंडमिळवणी बाईच्या भिशीतून होते, नाहीतर मुलीच्या क्लासची फी थांबते.

म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी सहा महिने हप्ता आणि पेट्रोलएवढी रक्कम बाजूला टाकून बघा. घर न ओढता जमलं, तर खुशाल गाडी घ्या. आणि हो, स्टिअरिंगवर तुम्हीही बसा!