फाटकापासून ओट्यापर्यंत

दोस्तांनो, पावसाळ्यात कधी शेगाव, संग्रामपूर किंवा जळगाव जामोदकडे गेलात, तर पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीतून चार पावलं चालून बघा. चिखल असा चिकटतो, की पाचव्या पावलाला चपला हातात घ्याव्या लागतात! हीच माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते, की भेगेत सहज हात जातो.

माझ्या आजोळच्या अंगणात हाच चिखल. एका पावसाळी रात्री आजीला दवाखान्यात न्यायचं होतं. जीप आली आणि फाटकातच फसली. शेवटी चौघांनी आजीला बाजेवर घालून सडकेपर्यंत नेलं. आजी बरी झाली, पण मामा म्हणाला, "दिवाई झाली की पह्यलं काम रस्त्याचं!"

त्यानं नदीतले गुळगुळीत गोटे आणून पसरले. दिसायला झकास! पण सायकल गेली की गोटे घरंगळायचे, आणि पुढच्या पावसात निम्मे मातीनं गिळून टाकले.

का बरं? मूठभर गोट्यांचा ढीग रचून बघा. रचताच येत नाही ना? आता फोडलेल्या गिट्टीचा रचा. तिच्या टोकदार कडा एकमेकींत अडकतात. स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमनं (१७५६–१८३६) हेच हेरून फोडलेल्या दगडांचे रस्ते केले. त्यातला एकही दगड सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून, जड चालायचा नाही. ठेकेदार ज्याला 'डब्ल्यूबीएम' म्हणतात, त्यातला 'एम' म्हणजे हेच साहेब!

आता एक गंमत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, त्याचा काळा पाषाण झाला. लोणारचं विवर याच पाषाणात आहे. हा पाषाण ऊन-पावसानं झिजून ठिसूळ झाला की मुरूम. तो आणखी कुजला की काळी माती, जी वाहत येऊन खोऱ्यात साचते. म्हणजे गाडी गिळणारी माती ही गाडी तारणाऱ्या दगडाचीच नात! तिच्या बारीक कणांच्या पापुद्र्यांत पाणी शिरतं आणि ती फुगते. सुकली की आक्रसते. तिच्यावर नुसता दगड टाकला तर तो खालीच जाणार.

गावातल्या जुन्या गवंडीबाबांनी मग मामाला वाट दाखवली. आधी काळी माती खणून काढली. त्या जागी मुरूम पसरला, पाणी मारलं, धुम्मसानं चोपला, मग पुढचा थर. मुरूम निवडताना बाबा तो ओला करून तळहातावर चोळायचे. साबणासारखा चिकट लागला तर नापास! दगडाचीही परीक्षा असे. दोन दगड एकमेकांवर आपटायचे; खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुजका. मुरमावर मोठी गिट्टी आली, तिच्यावर बारीक, आणि फटींत दगडाची कच. सगळे दगड एकाच मापाचे असले तर फटी राहतात आणि गिट्टी हलते. मध्ये थोडा उंचवटा ठेवला, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना निघून जाईल.

हो, आणि मुरूम जवळच्या टेकडीतून गुपचूप खणून आणायचा नसतो बरं का! ते गौण खनिज आहे, महसूल खात्याची परवानगी लागते.

पुढच्या पावसाळ्यात जीप थेट ओट्याशी येऊन थांबली. मामानं मोठ्या ऐटीत दार उघडलं. आजी काही बसेना.

"आता रस्ता झाला तं मी पायीच जाईन!" म्हणाली आणि चपला घालून फाटकाकडे निघाली.