जीपच्या चाकातली घरघर: बेअरिंग की ब्रेक?

पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात उतरलेली फोर-व्हील-ड्राइव्ह जीप उथळ पाण्यातून आरामात पार होते. नुकसान कळतं ते काही दिवसांनी, डांबरी रस्त्यावर. धावून तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि ऑइल सील झिजलेलं असेल तर गढूळ पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, बारीक वाळू शिरते, रोलरवर खड्डे पडू लागतात.

जुन्या जीपच्या पुढच्या हबमध्ये टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरच्या बेअरिंगची जोडी असते. घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी 1898 साली अमेरिकेत याचं पेटंट घेतलं. गाडीचा भार आणि वळणावरचा आडवा रेटा, दोन्ही एकाच बेअरिंगने पेलणं ही त्यातली थोर कल्पना!

बिघडलेलं बेअरिंग वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर करतं. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर. मात्र खडबडीत झिजलेला टायरही अगदी असाच घुमतो. पुढचे टायर मागे टाकून पाहावेत. आवाज त्यांच्यासोबत गेला तर बेअरिंग निर्दोष आहे. हाताने फिरवायचे हब-लॉक असतील तर आणखी एक सुंदर परीक्षा आहे. टू-व्हीलमध्ये लॉक सोडले की पुढचे शाफ्ट फिरायचे थांबतात, चाकाचं बेअरिंग मात्र फिरतच राहतं. तरीही घरघर उरली, तर दोष पुढच्या डिफरन्शियलचा नाही.

मग चाक जॅकवर घेऊन, स्टँड लावून, वर-खाली धरून हलवावं. प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावं. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग सैल आहे, कायम राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट तपासावा.

इथेच ब्रेकची फसवणूक सुरू होते. बेअरिंग सैल असेल तर डगमगती डिस्क पॅडना मागे ढकलते आणि पहिल्या दाबाला पेडल खोल जातं. ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली असं समजून मिस्त्री पुन्हापुन्हा हवा काढत बसतो. उलट अडकलेला कॅलिपर हब तापवतो, ग्रीस पातळ होऊन गळतं, आणि दोष बेअरिंगच्या माथी येतो. गाडी एका बाजूला ओढत असेल, त्याच बाजूचा हब जास्त तापत असेल आणि चाक हाताने जड फिरत असेल, तर आधी कॅलिपर उघडावा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरल्यावर 140 अंशांची मर्यादाही मान्य आहे. घाटात हा फरक जीवघेणा ठरतो.

हबपर्यंत पाण्यात गेलेली जीप घरी आणली की आवाजाची वाट पाहू नका. हब उघडा, जुनं ग्रीस पुसून काढा, सील बदला.