नैसर्गिक कांती आणि मुखलेपांचे प्रकाशविज्ञान

मुखप्रसाधन लक्षात न येणे हीच त्याची उत्तम कसोटी, असे सामान्यतः मानले जाते. सावळ्या व काळ्या त्वचेवर मात्र ही कसोटी दीर्घकाळ फसत आली. पावडर लावलेला चेहरा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसला, की त्याचा दोष लावणाऱ्या हाताला दिला जातो. वस्तुतः तो पुष्कळदा पावडरीच्या घटकांत असतो.

त्वचेवर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ५ टक्के प्रकाश पृष्ठभागावरूनच परावर्तित होतो; चेहऱ्याची तकाकी ती हीच. उरलेला आत शिरतो. तेथे मेलॅनीन व रक्तातील हिमोग्लोबिन त्याचा काही भाग शोषून घेतात आणि आतील तंतूंवरून विखुरलेला शेष भाग पुन्हा बाहेर येतो. कांती म्हणतात ती मुख्यतः या आतून परतलेल्या प्रकाशाची असते. जो लेप हा प्रकाश अडवतो, तो मुखवट्यासारखा दिसतो.

संगजिऱ्याची पूड कोरडी असताना पांढरी दिसते. परंतु तिचा अपवर्तनांक १.६ च्या आसपास, म्हणजे त्वचेवरील तेलाच्या अपवर्तनांकाच्या बराच जवळ असल्यामुळे, तेलात भिजताच ती जवळजवळ पारदर्शक होते. तेलाचा डाग पडलेल्या कागदाचा अनुभव याच जातीचा. टायटॅनियम डायऑक्साइडचे तसे नाही. त्याच्या रुटाइल या स्फटिकरूपाचा अपवर्तनांक २.७ च्या घरात असल्याने तो तेलातही शुभ्रच राहतो. डाग झाकण्याची शक्ती त्यातूनच येते, आणि विकृतीही. गोऱ्या त्वचेतून मुळातच पुष्कळ प्रकाश परतत असल्याने हा वरचा पांढरेपणा तेथे खपून जातो. सावळ्या त्वचेतून थोडाच परततो. तेवढीच भर तेथे प्रमाणाने मोठी ठरते. शिवाय अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, त्यामुळे त्वचेची तांबूस छटा मावळून राखाडी झाक येते.

यावरचा उपाय दुर्मीळ नाही. गेरू व पिवडी यांना रंग देणारी लोहाचीच तांबडी व पिवळी संयुगे, तसेच लोहाचे काळे ऑक्साइड, योग्य प्रमाणात मिसळून हवी ती छटा साधते. (ही संयुगे प्रसाधनांसाठी कृत्रिम रीतीने बनवितात, कारण खनिजांत शिसे व आर्सेनिक असू शकते.) तरीही बाजाराने विलंब लावला. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी 'फॅशन फेअर' ही प्रसाधने १९७३ साली निघाली. 'फेंटी ब्यूटी'ने एकदम ४० छटांचे फाउंडेशन आणले ते २०१७ साली.

छटा निवडताना ती मनगटावर पाहणे व्यर्थ होय. जबड्याच्या कडेला, मानेलगत थोडासा लेप लावून काही मिनिटांनी दिवसाच्या उजेडात पाहावा. दुकानातील दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात भिन्न दिसू शकतात, कारण दोहोंचे शोषण सर्व तरंगलांबींना सारखे नसते. नित्याच्या वापरात आधी साधे क्रीम लावणे हितावह: कोरड्या त्वचेचे सुटे पापुद्रे स्वतःच प्रकाश विखुरतात, आणि ते बसले, की फाउंडेशन कमी लागते. ते सर्व चेहऱ्यावर थापण्याऐवजी डागापुरते, आणि पावडर कपाळ व नाक यांपुरती ठेवावी.

लेपाऐवजी त्वचेचाच रंग बदलू पाहणारी क्रीमे ही निराळी गोष्ट. त्यांपैकी काहींत पाऱ्याची संयुगे आढळली आहेत. पारा मेलॅनीन घडविणाऱ्या टायरोसिनेज या विकराला रोखतो खरा, पण त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडांना इजा करतो. अशा प्रसाधनांवरील निर्बंधांचा समावेश २०१३ च्या मिनामाता करारात करण्यात आला.