‘मनःशांती देते’ म्हणजे नेमकं काय करते?

एक टूल कल्पू या. नाव ‘श्वासविराम’. त्याच्या वर्णनात लिहिलंय : ‘धकाधकीच्या जीवनात सजगतेचा आनंद घ्या आणि हरवलेली मनःशांती परत मिळवा.’ दिवाळी अंकातल्या जाहिरातीला हे वाक्य शोभलं असतं. पण ते वाचणार आहे एआय एजंट, म्हणजे हाताशी असलेली टूल्स स्वतः निवडून काम करणारा एआय, आणि तेवढ्यावरून हे टूल वापरायचं की नाही ते त्याला ठरवायचं आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर केली. बाहेरचं सॉफ्टवेअर एआयला कसं जोडायचं, याची ही ठरलेली रीत. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयनेही ती स्वीकारली. जोडलं गेलेलं प्रत्येक टूल आपली ओळख देतं ती मुख्यतः तीन गोष्टींनी : नाव, वर्णन आणि कोणती माहिती पुरवायची त्याचा आराखडा, म्हणजे स्कीमा. ही ओळख चांगली की वाईट, हे तपासताना काही समजुती हमखास आड येतात.

गैरसमज : टूल चांगलं चालत असेल तर वर्णन कसंही चालेल.

एजंटमागच्या एआय मॉडेलला टूलचा कोड दिसत नाही. एकदा चालवून बघू, मग ठरवू, अशी सोयही सहसा नसते. ‘श्वासविराम’च्या त्या वाक्यातून कळत नाही की हे टूल श्वासाच्या सूचना लिहून देतं, आवाज वाजवतं, की टायमर लावतं. शांत व्हायचंय ते वापरणाऱ्याने की खुद्द एजंटने, हेही कळत नाही! ही थट्टा नाही. अँथ्रॉपिकने मार्च २०२५ मध्ये ‘थिंक’ नावाच्या टूलबद्दल लिहिलं होतं. ते कुठली नवी माहिती आणत नाही आणि काही बदलतही नाही; कामाच्या मध्येच थांबून विचार लिहून काढायला मॉडेलला जागा देतं, एवढंच. म्हणजे एजंटसाठीचा ‘विराम’ खरोखर अस्तित्वात आहे. तेव्हा सजगता कोणाची, हे पहिल्याच वाक्यात यायला हवं. उदाहरणार्थ : ‘वापरणाऱ्याने स्वतःहून श्वासाचा किंवा ध्यानाचा सराव मागितला तर वापरा. १ ते १० मिनिटांच्या सरावाच्या सूचना मजकुराच्या रूपात मिळतात. आवाज वाजत नाही, टायमर लागत नाही, काहीही साठवलं जात नाही.’ रुक्ष आहे, पण कामाचं आहे.

गैरसमज : ध्यानाचं टूल निरुपद्रवीच असतं, वेगळं सांगायला कशाला हवं?

मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून या प्रोटोकॉलमध्ये टूलला चार खुणा जोडता येतात : ते फक्त वाचतं का, काही नष्ट करू शकतं का, तेच काम पुन्हा केलं तर जास्तीचा परिणाम होतो का, बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध येतो का. गंमत अशी, की या खुणा रिकाम्या सोडल्या तर अर्थ सर्वांत वाईट धरला जातो. टूल बदल करतं, कदाचित नासधूसही करतं, असं गृहीत! नुसत्या श्वासाच्या सूचना देणारं टूल कागदोपत्री फाइल पुसणाऱ्या टूलच्या पंक्तीला जाऊन बसतं, आणि काळजी घेणारं ॲप वापरणाऱ्याकडे उगाच परवानगी मागत राहू शकतं. उलट ‘आज कसं वाटतंय’ याची रोजनिशी ते साठवत असेल, तर ‘फक्त वाचतं’ ही खूण खोटी ठरते. मनाच्या अवस्थेची नोंद ही किरकोळ माहिती नव्हे.

पण या खुणा म्हणजे हमी नाही. अनोळखी सर्व्हरने, म्हणजे टूल पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरने, दिलेल्या खुणांवर विसंबू नका, असं प्रोटोकॉलच बजावतो. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या एआय-सुरक्षेवर काम करणाऱ्या कंपनीने दाखवून दिलं, की वर्णनातच मॉडेलसाठी छुप्या सूचना पेरता येतात. वर्णन सुबक असणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. दोन्ही तपासावं लागतं.

गैरसमज : ‘तणाव’ शब्द दिसला की टूल धावून आलं पाहिजे.

माझ्या मते मूल्यमापनात सर्वांत कमी लक्ष इथे दिलं जातं. ‘टेन्शन आलंय, उद्या रिटर्न भरायचंय, एवढं एक्सेल नीट कर’ असं म्हणणाऱ्याला दीर्घ श्वास घ्यायला लावणं म्हणजे चिडवणंच. सिव्हिल इंजिनिअर बीममधला ‘स्ट्रेस’ विचारतो, तेव्हा त्याला आकडा हवा असतो. आणि कोणी ‘जगावंसं वाटत नाही’ असं लिहिलं, तर पाच मिनिटांचा सराव हे उत्तरच नव्हे; तिथे माणसाची मदत आणि ‘टेली मानस’सारखी हेल्पलाइन सुचवायला हवी. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ध्यान सरसकट सगळ्यांना, सगळ्या वेळी मानवतं असंही नाही. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जातसुद्धा मानसिक आजारांबद्दल विचारतात. म्हणून टूल कधी वापरू नये, ते वर्णनात लिहिलेलं असलंच पाहिजे.

गैरसमज : वर्णन जितकं लांब तितकं बरं.

नाही. जोडलेल्या टूलांची वर्णनं मॉडेलच्या मर्यादित संदर्भात, म्हणजे एका वेळी त्याला वाचता येणाऱ्या मजकुरात, जागा अडवतात. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये आपला सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, हा इतिहास टूल निवडताना निरुपयोगी. त्यापेक्षा स्कीमातल्या ‘कालावधी’पुढे मिनिटं की सेकंद ते लिहा, नाहीतर ‘५’ म्हटल्यावर पाच सेकंदांत आटोपलेलं ध्यान पदरी पडेल.

राहता राहिला प्रश्न गुण कसे द्यायचे. दुसऱ्या मॉडेलकडून वर्णनाला गुण देऊन घेणं सोपं आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. वीसेक वाक्यं लिहा. निम्मी अशी, की टूल बोलावलं गेलंच पाहिजे. निम्मी अशी, की ते जागचं हलता कामा नये. शेजारी कॅलेंडर आणि आठवण करून देणारं टूलही ठेवा, कारण ‘पाच मिनिटांनी मला थांबव’ ही विनंती कोणाकडे जाते ते तेव्हाच कळतं. मराठी वापरणाऱ्यांसाठी चाचणी असेल तर ‘पुढच्या वेळी ध्यानात ठेव’ हे वाक्य दुसऱ्या निम्म्यात घाला. आणि ‘काय ध्यान आहे हा माणूस!’ हेही.