सहस्रकुंडाची आडवाट

मराठवाडा म्हणजे उजाड माळ, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी भाद्रपदात एकदा किनवटकडे यावे. नांदेड जिल्ह्याच्या या टोकाला सागाचे रान आहे आणि त्या दिवसांत त्यावर पांढरे तुरे डुलत असतात. इस्लापूरहून सहस्रकुंडाला सरळ सडक जाते; पण आमच्या जीपवाल्या मित्राला सडकेचे वावडे! बोधडीच्या पुढे त्याने रानातली गाडीवाट धरली.

जुन्या जीपमध्ये गिअरशेजारी आणखी आखूड दांडे असतात. त्यांतला एक ओढला की इंजिनाचा जोर चारी चाकांना मिळतो. दगडधोंड्यांवर ही युक्ती बहारीची! परंतु मधेच काळ्या मातीचा पट्टा लागला. ही माती टायरच्या खाचांत अशी भरते की टायर गुळगुळीत होतो. मग दोनाऐवजी चार चाके जागच्या जागी फिरतात, एवढाच फरक. वाळक्या फांद्या चाकांखाली घातल्या, तेव्हा कोठे सुटका झाली.

पुढे ओढा आडवा आला. गाडी पाण्यात घालणार, तोच गुरे राखणारा एक म्हातारा ओरडला, “थांबा सायेब! पानी चढायलंय!”

त्याने कडेला काठी रोवली. बघता बघता ती चार बोटे बुडाली. पाण्यावर फेस आणि पालापाचोळा दिसू लागला.

“बाबा, किती वेळ थांबावं लागेल?”

“डोंगरावरचा पाऊस हाय. तंबाखू खाऊस्तोवर उतरल.”

त्या तंबाखूला दीड तास लागला! मग बाबा काठीने तळ चाचपत पुढे आणि एकाच गिअरवर, संथपणे, आम्ही मागे. भर पाण्यात गिअर बदलू नये. गाडी तेथेच अडकायची.

बाबा गाडीत बसून धबधब्यापर्यंत आले. काळ्या पाषाणावरून पैनगंगा असंख्य धारांनी कोसळत होती. मित्र खालच्या खडकांकडे निघाला, तसा बाबांनी त्याचा दंडच धरला. “वड्याचं पानी समोरच्या डोंगराचं. हिचं कुठलं, सांगा!”

खरेच होते. पैनगंगा उगम पावते बुलढाणा जिल्ह्यात. तिकडे पाऊस झाला, किंवा वर इसापूर धरणाचे दरवाजे उघडले, की येथे कोरड्या आभाळाखाली पाणी चढते.

आम्ही वरच थांबलो. समोरचा काठ यवतमाळचा. १९४७ पर्यंत अलीकडे निजामाची राजवट होती, पलीकडे इंग्रजी अमलातला वऱ्हाड. तिकडून काही मंडळी हात हलवून ओरडत होती, आम्हीही ओरडलो. पाण्याच्या गर्जनेत कोणालाच काही ऐकू गेले नाही.