दाराशी अडलेला पाहुणा

सुरतेच्या रेल्वे स्थानकावर खानदेशी बोली सदैव कानी पडते. कापडाच्या धंद्यानिमित्त येथे स्थायिक झालेली नंदुरबार-जळगावकडील माणसे ताप्ती मार्गाने गावी ये-जा करतात. अशा एखाद्या प्रवाशाच्या मोबाईलमधला डेटा संपलेला असतो आणि तिकीट तर मोबाईलवरच पाहावयाचे असते. अशा वेळी स्थानकावरील मोफत वायफाय उपयोगी पडते. रेलटेलने गूगलच्या साहाय्याने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून ही सोय आरंभिली. २०२० मध्ये गूगलने अंग काढून घेतल्यावरही रेलटेलने ती चालू ठेवली.

परंतु कित्येकदा वायफाय जोडल्याची खूण दिसते आणि मोबाईल क्रमांक विचारणारे लॉगिनचे पान मात्र उघडतच नाही. प्रवासी मोबाईलला बोल लावतो. वस्तुतः दोष बहुधा त्याचा नसतो.

वायफायशी जोडला जाताच मोबाईल एका ठराविक पत्त्यावर लहानशी विचारणा पाठवितो. अपेक्षित उत्तर आले तर मार्ग मोकळा. त्याऐवजी निराळेच पान आले, तर वाटेत द्वारपाल आहे हे ओळखून तो लॉगिनचे पान पुढे करतो. म्हणजे द्वारपाल मधल्यामध्ये उत्तर बदलतो. आजची बहुतेक संकेतस्थळे मात्र एचटीटीपीएसच्या कुलपात असतात. तेथे परक्याने हात घातला, मग तो द्वारपाल असो वा चोर, की ब्राउझर धोक्याची सूचना देतो. व्हीपीएन किंवा प्रायव्हेट डीएनएस चालू असल्यासही ही विचारणा वाटेत अडते.

यावर उपाय सोपे आहेत. व्हीपीएन व प्रायव्हेट डीएनएस तात्पुरते बंद करावे. सेटिंगमध्ये ते वायफाय ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडावे. तरीही पान न आल्यास ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम हे बिनकुलपाचे स्थळ उघडावे. द्वारपाल तेथे सहज हजर होतो. ओटीपी संदेशाने येतो, म्हणून सिमचे सिग्नल चालू असावे. लॉगिनचे पान बंद न करता वरच्या सूचनेतूनच तो वाचावा. काम झाल्यावर बंद केलेल्या गोष्टी पूर्ववत कराव्यात.

मात्र घाईपोटी धोक्याची सूचना डावलून पुढे जाऊ नये. वायफायचे नाव पारखून घ्यावे. मोफत वायफायच्या पानाने बँकेचा तपशील मागितला, तर तेथूनच परतावे.

वायफायनेच लॉगिन पानाचा पत्ता मोबाईलला उघडपणे सांगावा, असे मानक २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आहे. त्याचा अवलंब सर्वत्र होईल, तेव्हा उत्तर बदलण्याची ही युक्ती अनावश्यक ठरेल. तोवर दार उघडत नाही म्हणून कुलूप फोडू नये. द्वारपालाला हाक मारण्याची रीत तेवढी जाणून घ्यावी.