होडीला एसटीचा मिस्त्री

महाराष्ट्रात मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा मिळाला. त्याच्या बातम्या, अभिनंदनाचे फलक आणि ‘अंमलबजावणीचं काय?’ असं विचारणारे अग्रलेख वाचून झाले आहेत. एप्रिल २०२५मधल्या त्या निर्णयाने कोणाला काय मिळणार, याची उजळणी इथे करत नाही. पैनगंगेच्या अल्याड, आदिलाबादच्या बाजूला बसून ती बातमी वाचली, की दर्जा नदीच्या मधोमध संपतो एवढंच डोळ्यात भरतं. पाटणबोरीकडचा भोई त्यात आला आणि पुलापलीकडे डोलाऱ्याला राहणारा त्याचा सोयरा राहून गेला. १ नोव्हेंबर १९५६ला किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. जैनथ, बेला, तामसी इकडेच राहिली. घरात मराठी आणि कचेरीत तेलुगू हा संसार तेव्हापासूनचा. इकडच्या सरकारचं मासेमारांवरचं प्रेम वेगळ्या वाटेने वाहतं. तेलंगणात २०१६पासून तलावांत सोडायला मत्स्यबीज फुकट मिळतं.

म्हणजे एका काठाला दर्जा आणि दुसऱ्या काठाला बीज. पण ज्या होडीत बसून जाळं टाकायचं तिच्या तळाला भोक पडलं असेल तर काय करायचं, हे दोन्ही काठांवर ज्याचं त्याने बघायचं आहे.

मुळात होडी असेल तर, असंही म्हणायला हवं. तलावांवर आणि धरणांच्या फुगवट्यावर सकाळी जाऊन बघा. कोणी ट्रकच्या ट्यूबवर फळी टाकून बसलेला असतो, कोणी थर्माकोलच्या लाद्या पोत्यात शिवून केलेल्या तराफ्यावर. तेलुगू भाषक त्याला तेप्पा म्हणतात. कुठे गोल पुट्टी, कुठे एखादा लाकडी डोंगा. पश्चिम महाराष्ट्रात नदी ओलांडायला गुळाची काहील पाण्यात लोटतात. जायकवाडीच्या फुगवट्यात भिव धानोऱ्याची मुलं थर्माकोलवर बसून शाळेत जात होती, ही २०२३ची बातमी आठवत असेल. उच्च न्यायालयालाही तिची दखल घ्यावी लागली. थर्माकोल तरंगतो, स्वस्त मिळतो आणि पेट्रोलचा थेंब पडला की विरघळतो. मोटार बसवलेल्या होडीत बाकाखाली थर्माकोल ठासणाऱ्यांनी हे शेवटचं लक्षात ठेवावं.

या सगळ्यात अ‍ॅल्युमिनियमची होडी हा आपल्याकडे पाहुणाच. असा एक पाहुणा आदिलाबादमध्ये माझ्या ओळखीच्या एका घराच्या अंगणात येऊन पडला होता. बारा फुटांची, रिबेट मारलेली, कधीतरी निळा रंग असलेली होडी. हैदराबादच्या भंगारातून वजनावर घेतलेली. घेणाऱ्याला हौस तलावात गळ टाकून बसण्याची. होडीला मात्र जागोजागी एमसील थापलेलं, त्यावर डांबर, आणि मागची इंजिन अडकवायची फळी इतकी कुजलेली, की बोट घातलं तर आत जाई. वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्याने मशीन लावली, पहिल्याच टाक्याला पत्र्यात रुपयाएवढं भोक पाडलं आणि हे मटेरियल बोगस आहे असा निकाल देऊन निघून गेला.

मटेरियल उत्तम होतं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावर हवेत आपोआप धरणारी ऑक्साईडची साय वितळायला दोन हजारांहून जास्त अंश लागतात. म्हणजे वरची साय फुटेपर्यंत खालचा दीड मिलिमीटरचा पत्रा पाणी होऊन गळून पडतो. त्याला आर्गॉन गॅसचं टिग वेल्डिंग लागतं आणि ते करणारा सरावलेला हातही लागतो. गेटा-ग्रील जोडणाऱ्या साध्या मशीनचं हे काम नव्हे. आणि खरं तर रिबेटच्या होडीला वेल्डिंग दाखवूच नये. टाका घातला, की त्याच्या शेजारचा पत्रा मऊ पडतो आणि पुढच्या हंगामात भेग तिथूनच सुरू होते.

मग आले मामा. एसटीच्या बॉडी शॉपमध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेले, आता लेकीकडे आदिलाबादला राहणारे. होडी त्यांनी जन्मात दुरुस्त केली नव्हती. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, नखाने दोन-तीन रिबेटा टोचून पाहिल्या आणि ही तर आपली गाडीच आहे, फक्त चाकं नाहीत, असं म्हणून चहा मागवला.

हा लेख खरं तर इथूनच सुरू व्हायला हवा होता. एसटीने वर्षानुवर्षं आपल्या गाड्यांच्या बॉड्या पुण्यात दापोडीला, औरंगाबादला चिकलठाण्यात आणि नागपूरजवळ हिंगण्याला स्वतः बांधल्या, त्या अ‍ॅल्युमिनियमच्या. सांगाड्यावर पत्रा ताणायचा, भोकं पाडायची आणि रांगेने रिबेट ठोकायची. पुढे अपघातात तग धरावा म्हणून एसटी पोलादी बॉडीकडे वळली. प्रवाशांच्या दृष्टीने ते बरंच झालं. पण पातळ अ‍ॅल्युमिनियम न फाडता, न सुरकुतवता जोडण्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं शिक्षण ज्या हातांत आहे, ते हात आता निवृत्तीवेतनाच्या रांगेत उभे आहेत. होडीवाल्यांनी त्यांना कधी विचारलं नाही, कारण आपल्या मनात होडी म्हणजे सुताराचं काम.

अमेरिकेत हीच गोष्ट विमानाच्या कारखान्यातून आली. ग्रुमन ही न्यूयॉर्कजवळची, दुसऱ्या महायुद्धात हेलकॅट नावाची लढाऊ विमानं बांधणारी कंपनी. तिथले एक अधिकारी विल्यम हॉफमन १९४४मध्ये डोंगरातल्या तळ्यांवर सुट्टीला गेले असता लाकूड-कापडाची जड नाव खांद्यावरून वाहून वैतागले. विमानाच्या पत्र्याची नाव का नको, असं त्यांना वाटलं आणि १९४५ला तशी नाव तयार झाली. युद्ध संपत आलं होतं. पत्रा होता, रिबेट ठोकणारी माणसं होती, पण विमानांची मागणी संपणार होती. तिकडच्या लोकांच्या अंगणात आज पन्नास-साठ वर्षांच्या अशा नावा पडलेल्या असतात आणि शनिवार-रविवारी घरच्या घरी त्या दुरुस्त करण्याचा मोठा छंद आहे. आपल्याकडे विमानाचे कारखाने मोजके, पण लाल डबा गावोगाव पोचला. मामांचं आणि ग्रुमनच्या कामगारांचं काम मुळात एकच होतं, असं मी म्हटलं तर कोणाला अतिशयोक्ती वाटेल. वाटू दे.

मामांनी पहिलं काम केलं ते होडी दोन लाकडी घोड्यांवर ठेवण्याचं, मधे तळाखाली आणखी एक आधार देऊन. मग आत पाणी भरलं, जेमतेम चार बोटं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. होडी काठोकाठ भरली तर तळच बसायचा. पाणी आतून आणि नजर बाहेरून. तासाभराने जिथे जिथे थेंब लोंबला तिथे त्यांनी खडूने गोल केला. ज्या ठिकाणी डांबराचे थर होते त्यातल्या बहुतेक जागा कोरड्या निघाल्या आणि जिकडे कोणी पाहिलंही नव्हतं त्या मधल्या कण्याजवळच्या रिबेटा टिपकत होत्या. आधीच्या मालकाने इतकी वर्षं भलत्याच जागी औषध लावलं होतं.

रिबेट गळते म्हणजे ती तुटलेली असतेच असं नाही. लाटांचे आणि मोटारीचे हादरे खाऊन ती सैल होते. अशी रिबेट काढायचीही गरज नसते, पुन्हा आवळायची. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, रिबेटच्या शेपटीवर घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून डोक्यावर हातोडा मारायचा. जहाजाच्या पोलादी रिबेटा लालभडक तापवून ठोकत. अ‍ॅल्युमिनियमची थंडच ठोकतात. ठोका बरोबर बसला की आवाज बदलतो. सैल रिबेट बद्द वाजते, आवळलेली टणक. मामा आवाजावरच पुढे सरकत होते आणि आत डॉली धरून बसलेला घरचा कॉलेजचा मुलगा कानात कापूस घालून. जिथे भोकच मोठं झालं होतं तिथे त्यांनी जुनी रिबेट ड्रिलने काढून एका मापाने जाड रिबेट मारली. बाजारातली साधी पॉप रिबेट त्यांनी लावू दिली नाही. ती पोकळ असते, तिच्या पोटात पोलादी काडीचा तुकडा राहतो आणि पाणी तिच्यातूनच आत येतं. लावायचीच असेल तर बंद तोंडाची मागून घ्यावी.

वेल्डिंगवाल्याने पाडलेल्या भोकाजवळून एक भेग निघाली होती. तिच्या टोकाला त्यांनी तीन मिलिमीटरचं गोल छिद्र पाडलं. फुटक्याला आणखी भोक पाडतात हे पाहून घरच्यांचा जीव वरखाली झाला. पण भेग टोकदार असते तोवर पुढे पळते. टोक गोल झालं, की ताण पसरतो आणि ती थांबते. मग वरून अ‍ॅल्युमिनियमचंच ठिगळ, खाली पॉलियुरेथेनचा सीलंट आणि कडेने रिबेटांची रांग.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही ही आपल्याकडची ठाम समजूत, आणि ती अर्धीच खरी. ऑक्साईडची साय शाबूत असेपर्यंत ते गंजत नाही. ओल्या जागी पोलाद किंवा तांबं-पितळ त्याला चिकटून राहिलं, की दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि त्यात खाल्लं जातं ते अ‍ॅल्युमिनियम. लोखंडी खिळा, पितळी बोल्ट, तांब्याचा अंश असलेला जहाजाचा रंग, तिन्ही वर्ज्य. घासायला तारेचा ब्रशही नको. त्याचे कण पत्र्यात रुतून तिथेच तांबेरा धरतो. नारळाची शेंडी किंवा नायलॉनची घासणी पुरते. कॉस्टिक सोड्याने तर भांडंही धुऊ नये. तो अ‍ॅल्युमिनियम खातो आणि वर हायड्रोजन वायू सोडतो. पैनगंगेचं, सातनाल्याचं पाणी गोडं आहे म्हणून ही बॅटरी मंद चालते. कोकणातल्या खाऱ्या पाण्यात हेच एका हंगामात भोवतं.

सगळ्यात फसवी वस्तू निघाली ती मागची फळी. दुकानदार मरीन प्लाय म्हणून ७१०चा शिक्का दाखवतो आणि पाण्याच्या दृष्टीने तो मालही चांगला असतो. पण कीड लागू नये म्हणून अशा प्लायला अनेकदा तांब्याचे क्षार पाजलेले असतात. ओलसर प्लाय पत्र्याला टेकला, की ते तांबं आपलं काम सुरू करतं. मामांना हे ठाऊक नव्हतं, एसटीत त्याची गरज पडली नव्हती. ते मी वाचून सांगितलं आणि त्यांनी लगेच मानलं. फळीला सगळीकडून, विशेषतः भोकांच्या आतून, इपॉक्सीचे थर दिले, ते वाळू दिले आणि मगच ती बसवली, स्टेनलेस बोल्टला खाली नायलॉनचा वायसर घालून.

होडी पाण्यात गेली, कोरडी राहिली, एवढं पुरे. मला सांगायचंय ते वेगळंच. अशा होड्या आपल्याकडे दिसत नाहीत याचं एक कारण त्या मेल्यावरही महाग असतात हे आहे. अ‍ॅल्युमिनियम नव्याने काढायला जेवढी वीज लागते तिच्या सुमारे पाच टक्क्यांत भंगार वितळून तोच धातू मिळतो. म्हणून भंगारवाला हसत हसत रोख मोजतो आणि चार रिबेटांसाठी अडलेली होडी भट्टीत जाते. फायबरच्या होडीला भंगारात कोणी विचारत नाही, म्हणून ती काठावर कुजत तरी राहते.

वजनाचा हिशेब पाहा. १.६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा एक चौरस मीटर पोलादात साडेबारा किलो भरतो, अ‍ॅल्युमिनियममध्ये ४.३ किलो. बारा फुटी रिकामी होडी दोघं उचलून बैलगाडीत टाकू शकतात. उन्हाळ्यात एक तलाव आटला, की दुसऱ्यावर जाणाऱ्या आमच्या भागातल्या मासेमाराला याहून सोयीचं काय?

सरकारी बाजू थोडक्यात. सप्टेंबर २०२०मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मासेमारांना जुनीच्या बदली नवी होडी आणि जाळी देण्याची सोय आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६०. नवी घ्या, हा सगळा भर. त्याच पैशातला छोटा वाटा जुन्या होडीच्या दुरुस्तीला आणि दुरुस्ती शिकवायला ठेवला, तर अधिक माणसं कोरडी राहतील असं माझं मत आहे. निवृत्त बॉडी मिस्त्र्यांना चार दिवस बोलावून मच्छीमार सोसायटीच्या पोरांना डॉली धरायला शिकवणं, यात खर्च मानधनाचा आणि चहाचा.

दुरुस्त होडी म्हणजे वाटेल तेवढी माणसं भरण्याचा परवाना नव्हे, हेही बजावून सांगायला हवं. ८ ऑगस्ट २०१९ला सांगलीच्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढताना बोट उलटली आणि माणसं गेली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. हलकी अ‍ॅल्युमिनियमची होडी कडेला उभं राहिलं तरी कलते. बाकाखालचा जुना फोम पाणी पिऊन जड झाला असेल तर तो आधी काढून पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम भरा. अंगात लाइफ जॅकेट हवंच, आणि पुराच्या पाण्यात घरगुती होडी अजिबात नाही.

कोणाच्या वाड्यात, फार्महाउसवर, बंद पडलेल्या बोट क्लबच्या शेडमागे अशी एखादी होडी पालथी पडलेली असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी तिच्यात चार बोटं पाणी भरून तासभर थांबा, आणि तालुक्याच्या एसटी डेपोत जाऊन जुना बॉडी मिस्त्री कोण आहे, एवढं विचारा.